नुसता आवाज पाहिजे

३ मे, शनिवार

नाही घेत! व्हॅनच्या प्लेयरने सीडी आत ओढली, दोनदा खरखर केली आणि बाहेर थुंकली. पुन्हा घातली. पुन्हा थुंकली. मिशी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसला. म्हणे, "लेका, तुझ्या बहिणीचं लग्न हिला पचत नाही!"

मिशी म्हणजे आमचा ड्रायव्हर. लाँड्रीची व्हॅन तो चालवतो, मी मागे गाठोडी चढवतो-उतरवतो. अकरा हॉटेलं. मळक्या चादरी आत, धुतलेल्या बाहेर. आणि दिवसभर त्याची एकच सीडी — तीच ती रडकी बाई, सात महिने! मागच्या आठवड्यात मी म्हटलं, आता मी चालत्या गाडीतून उडी मारीन. तर म्हणाला, "उडी कशाला, तुझी सीडी आण. वाजवू."

माझ्याकडे आहे काय? बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी. धाकट्याने, म्हणजे भावाने, पोस्टाने पाठवलेली. तेव्हापासून ट्रंकेत पडून होती. त्यातला नुसता आवाज काढून सीडी करून दे, असं कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याला सांगितलं. नुसता आवाज! एवढं सोपं काम. चार दिवस लावले आणि हे असलं दिलं.

४ मे, रविवार

मोबाइलवाल्याच्या टेबलावर सीडी आपटली. त्याने वर बघितलंसुद्धा नाही. कुणाच्यातरी फोनचं पोट फाडून बसला होता.

"एमपी थ्री केलीय. जुन्या प्लेयरला नाही चालत."

"मग विचारलं नाहीस, प्लेयर कुठला म्हणून?"

"तू सांगितलंस का?"

म्हणजे चूक माझीच! आठवी नापास माणसाने याला शिकवायचं. मग म्हणाला, साधी ऑडिओ सीडी करावी लागेल, ती वेगळी असते, तिच्यात ऐंशी मिनिटंच मावतात. "लग्न अडीच तासांचं आहे. बघून घे आणि काय पाहिजे ते मिनिटांसकट लिहून आण."

बघून घे! बघायचं असतं तर आवाज कशाला वेगळा काढला असता?

एकदाच लावली होती ती, खोलीतल्या एकाच्या मशीनवर. दोन मिनिटं बघितली. आई दारात उभी, सगळ्यांना आत घेतेय. तिच्या शेजारी, जिथे थोरल्या मुलाने उभं राहायचं, तिथे धाकटा. माझा कोट घालून. बाह्या मोठ्या होताहेत त्याला. उठलो आणि बंद केली. खोलीतले ओरडले, अरे जेवण तरी बघू दे!

रजा मागितली होती आठ दिवसांची. मुकादम काय म्हणाला — "लग्न तुझं आहे का? मग तुझ्यावाचून काय अडलंय?" हे आठवलं की अजून कानशिलं तापतात. सख्ख्या बहिणीचं लग्न आणि मी इकडे परक्यांच्या चादरी मोजतोय.

आवाजाचं बरं असतं. आवाजात कोण कुठे उभं आहे ते दिसत नाही. मी पण असू शकतो.

मोबाइलवाल्याला हे सांगायचं का? नाही सांगितलं. म्हटलं, "कर सुरुवातीपासून ऐंशी मिनिटं."

६ मे, मंगळवार

खरं सांगायचं तर बाकीचं लग्न मला नको आहे. मला बाबा पाहिजेत.

बाबा सव्वीस वर्षं बँडमध्ये क्लॅरनेट वाजवत होते. लोकांच्या लग्नांत. किती घरांत त्यांचे व्हिडिओ असतील — कडेला, अर्धेच आलेले, गाल फुगवलेले. आमच्या घरी एकही नाही. बहिणीच्या लग्नात वरात दारात आली तेव्हा वाजवली. जानेवारीत. लगेचच दात ठणकायला लागले. आणि मार्चमध्ये डॉक्टरने वरचे पुढचे चारही दात काढले. कवळी लावली तर फुंक धरत नाही, बाजूने हवा जाते. महिनाभर खटपट केली म्हणे. मग एक दिवस गुपचूप उठले आणि बँडमास्तरला क्लॅरनेट देऊन आले. आईला पण सांगितलं नाही.

म्हणजे बहिणीच्या लग्नात वाजवली ती शेवटची. आणि ती माझ्या ट्रंकेत होती! आता त्या मोबाइलवाल्याच्या टेबलावर आहे, फोनच्या आतड्यांमध्ये.

११ मे, रविवार

नवी सीडी मिळाली. उद्या बघतो.

१२ मे, सोमवार

वाजते! पहिलं हॉटेल येईपर्यंत छान. माणसांचा गलका, खुर्च्या सरकवायचे आवाज, कुणीतरी म्हणतंय "पाणी आणा रे पाणी!" मामाच असणार, त्याला सगळीकडे पाणी लागतं. आईचा आवाज आला — "अगंबाई, किती उशीर!" मी मागे बघितलं चक्क. मिशीने पण रडक्या बाईचं नाव काढलं नाही.

हॉटेलला गाडी बंद केली, माल उतरवला, पुन्हा चालू केली. "पाणी आणा रे पाणी!"

पुढचं हॉटेल. गाडी बंद, चालू. "पाणी आणा रे पाणी!"

अकरा हॉटेलं. अकरा वेळा पाणी! सगळी सीडी एकच तुकडा आहे. गाडी बंद केली की पहिल्यापासून. आणि तो मठ्ठ प्लेयर एका तुकड्यात पुढे पळवता येत नाही, फक्त पुढच्या तुकड्यावर उडी मारतो. तुकडाच नाही तर उडी कुठे मारणार?

शेवटच्या हॉटेलवर मिशी म्हणाला, "अरे, त्या माणसाला कुणीतरी पाणी द्या. सकाळपासून ओरडतोय बिचारा."

१३ मे, मंगळवार

पाणी.

१४ मे, बुधवार

मिशीने रडकी बाई परत लावली.

१८ मे, रविवार

आज मोबाइलवाल्याशी चांगलंच भांडलो. तो म्हणे, "तुकडे पाडतो ना, पण कुठे पाडू ते तर सांग. तुझं घर आहे, मला काय माहीत कोण कोणाचा काका?"

शेवटी सांगून टाकलं. मला बघवत नाही म्हटलं. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. स्टूल उलटं केलं, म्हणाला, "तू पाठ करून बस. मी बघतो आणि बोलतो. पाहिजे ते आलं की हो म्हण."

तासभर बसलो. माझं तोंड फोनच्या कव्हरांकडे. तो पुढे पळवत होता, त्यामुळे आवाज नाहीच, नुसतं त्याचं बोलणं. "बायका. अजून बायका. एक म्हातारा झोपलाय. गाडी आली, फुलं लावलेली. नवरदेव उतरला, घामाघूम झालाय. बँड. एक माणूस नवीन कोट घालून बँडच्या रांगेत उभा आहे — क्लॅरनेट. हे वडील? नाक तुझंच आहे."

हो म्हटलं.

त्याने तिथे खूण केली. सोळा तुकडे झाले. बाबा नऊ नंबरला. सहा मिनिटं. जरा माणूस बरा आहे म्हणायचा, तोंड वाईट आहे नुसतं.

१९ मे, सोमवार

डोकं फिरलंय.

नऊ नंबर लावला. मिशीला म्हटलं, आवाज वाढव, माझे बाबा आहेत. त्याने खिडक्यासुद्धा वर केल्या. आणि आलं काय? बाजारातलं गाणं! एक बाई आणि एक बुवा, तबला, व्हायोलिन, "साजणा" की काय! सहा मिनिटं! बाबांची एक फुंक नाही. ढोल नाही. काही नाही.

मिशी हळूच म्हणाला, "वडील चांगले गातात रे. बाईच्या आवाजात पण गातात."

मग त्याने स्वतःच बंद केलं.

दहा नंबर लावला — पुन्हा साधा गलका, माणसं, जेवायला बसा. आठ नंबर — साधा गलका. बाकी सगळीकडे खरा आवाज ठेवलाय आणि बरोब्बर बाबांवर गाणं चिकटवलंय! कशाला? माणूस फुकट उभा राहून जीव तोडून वाजवतोय आणि हा शूटिंगवाला त्याच्या तोंडावर रेकॉर्ड लावतो!

२० मे, मंगळवार

धाकट्याकडून शूटिंगवाल्याचा नंबर घेतला. देताना धाकटा दहा वेळा "कशाला पाहिजे दादा, कशाला पाहिजे." तुला काय करायचंय!

शूटिंगवाला एकदम गोड. "भाऊ, लग्नाच्या व्हिडिओवर सगळेच गाणी टाकतात. गोंगाट कोण ऐकतो?"

"गोंगाट? माझा बाप वाजवत होता तिथे!"

तेव्हा म्हणाला, "तिथे तसं टाकायला सांगितलं होतं."

"कोणी?"

"घरच्यांनी. बरेच दिवस झाले भाऊ, आता दुकानात गिऱ्हाईक आहे."

"मूळ टेप आहे का?"

"टेपवर त्यानंतर चार लग्नं झाली."

आणि ठेवला फोन! बापाला पुसून वर दुसऱ्यांची चार लग्नं! हा माणूस समोर असता तर त्याचा कॅमेरा त्याच्याच घशात घातला असता.

घरच्यांनी म्हणजे कोणी, ते मला न सांगता कळतं. थोरले काका. नवरीच्या बापाने बँडवाल्यांत उभं राहून वाजवायचं म्हणजे काकांच्या नाकाला मिरच्या. चार माणसांत काय दिसेल! पाहुणे काय म्हणतील! त्यांनीच शूटिंगवाल्याला डोळा घातला असणार.

आता मी पण म्हणालो होतो, नाही असं नाही. वरात आली तेव्हा मी फोनवर होतो. धाकट्याला एवढंच म्हटलं की बाबांना म्हणावं, आज बसा. आज तुम्ही बँडवाले नाही, बाप आहात. सव्वीस वर्षं उभे राहिलात लोकांच्या दारात, आज आपल्या दारात तरी खुर्चीवर बसा. यात चूक काय? माझं काळजीपोटी होतं. काकांचं वेगळं.

२५ मे, रविवार

बहिणीला फोन केला. आधी तिच्या सासूशी पाच मिनिटं हवापाण्याच्या गप्पा. मग ती आली. मी सगळं सांगितलं. काकांना चांगलं झापणार आहे म्हटलं.

"काकांना काही बोलू नकोस हं दादा!"

"का? घाबरतेस?"

"तसं नाही रे. गाणं चांगलं आहे ना ते, तेच ऐक ना."

तेच ऐक! हिच्या लग्नात बापाने शेवटचं वाजवलं आणि ही म्हणते बाजारातलं गाणं ऐक. लग्न झालं की मुली परक्या होतात ते उगाच नाही म्हणत. बोललो तसं. रडायला लागली. रडता रडता तिच्या तोंडून निघून गेलं, "ती पहिली डीव्हीडी होती तीच फोडून टाकायला पाहिजे होती."

पहिली कुठली? तर शूटिंगवाल्याने गाणी टाकायच्या आधी एक कच्ची डीव्हीडी घरी दिली होती, बघून घ्या म्हणून. सगळी न कापलेली. आहे! घरी आहे! धाकट्याकडे!

मी एवढ्या जोरात ओरडलो की खोलीतला एक जण भिजलेल्या अंगाने न्हाणीतून बाहेर आला.

२६ मे, सोमवार

धाकटा म्हणतो, सापडत नाही.

२८ मे, बुधवार

धाकटा म्हणतो, चरे पडलेत.

सापडल्याशिवाय चरे कुठून दिसले रे शहाण्या?

१ जून, रविवार

आज त्याला सोडला नाही. आमच्या लाँड्रीतला इस्त्रीवाला रजेवर घरी गेलाय, त्याचं घर आमच्यापासून दोन तासांवर. त्याच्या हातात नेऊन दे म्हटलं, नाहीतर मला भाऊ म्हणू नकोस.

तर हळू आवाजात म्हणाला, "दादा, तू नको रे ऐकूस ती."

मी नको ऐकू? माझ्या बापाची क्लॅरनेट मी नको ऐकू? तू तिथे उभा होतास, माझ्या कोटात, तू ऐकलीस पोटभर! आणि मला गाणं!

म्हणाला, "नेऊन देतो." आणि फोन ठेवून दिला.

सगळेच्या सगळे काकांना घाबरतात या घरात.

७ जून, शनिवार

बाबांशी बोललो. दात गेल्यापासून बोलणं पसरट झालंय त्यांचं, अर्धे शब्द वाऱ्याबरोबर जातात. सरळ विचारलं — "बाबा, तुमच्या वाजवण्यावर गाणं टाकायला काकांनीच सांगितलं ना?"

"जेवलास का?"

"बाबा, मी काय विचारतोय?"

"चादरी ओल्या असतात का रे उचलताना? कमरेला जप."

मी विचारतोय काय, हे सांगताहेत काय! म्हटलं, "तुमचं शेवटचं वाजवणं पुसलं, तुम्हाला राग येत नाही?" तर म्हणाले, "सव्वीस वर्षं वाजवलं. ज्यांनी ऐकायचं त्यांनी ऐकलं. ठेवतो, बिल वाढतं तुझं."

असं मऊ राहायचं म्हणूनच लोक डोक्यावर बसतात. त्यांना राग येत नसेल तर त्यांच्या वाटणीचा मी धरणार. आहेच मी.

१५ जून, रविवार

इस्त्रीवाला आला. बनियनमध्ये गुंडाळून आणली त्याने. डीव्हीडीवर पेनाने "कच्ची" लिहिलंय. उन्हात धरून बघितली — एक चरा नाही! खोटारडा.

तसाच पायात चप्पल अडकवून धावत मोबाइलवाल्याकडे. दुकान बंद. रविवारीच का बंद ठेवतो हा? दर रविवारी उघडं असतं!

१७ जून, मंगळवार

कामावरून आलो तसा गेलो. मोबाइलवाल्याने डीव्हीडी घातली, नऊ नंबरची जागा शोधली, तेवढा आवाज काढून वेगळा केला. हेडफोन एकच. एक टोक त्याच्या कानात, एक माझ्या. डोकी जवळ जवळ.

आधी ढोल. मग पोरांचा ओरडा. मग क्लॅरनेट.

काय सांगू. खालून हळूच उचललं बाबांनी, सगळ्या गोंधळाच्या खालून. बाकीचे बँडवाले एकेक करून मागे सरकले, कळत होतं ते. नुसते बाबा उरले. वर, अजून वर. लहानपणी ते सराव करायचे तेव्हा मी दार लोटून घ्यायचो, कर्कश वाटायचं. हे तेच आहे आणि तसं नाहीच. मोबाइलवाला डोळे मिटून बसला होता. एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने हातानेच थांबवलं.

तिसऱ्या मिनिटाला, ऐन वर गेलेले असताना, कॅमेऱ्याच्या अगदी जवळून कुणीतरी बोंब मारली. पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज. "खाली बसव त्यांना! लाज वाटत नाही का? मुलीच्या लग्नात भाड्याच्या माणसासारखे तोंड फुगवून उभेत! जन्मभर लाज आणली, आज तरी सोडा म्हणावं! माझा बाप आहे हे सांगायची चोरी झालीय!"

आणि सगळे गप्प. ढोल थांबला. पोरं थांबली. क्लॅरनेट आणखी चार-पाच सूर गेली, एकटीच. मग तीही थांबली.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलो, "हा कोण हरामखोर?"

मोबाइलवाल्याने कानातून हेडफोन काढला. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "सहा आठवडे हाच आवाज ऐकतोय मी."

धाकट्याने फोन हात वर करून धरला होता. स्पीकर लावून. मला बँड ऐकू यावा म्हणून.

१८ जून, बुधवार

कामावर गेलो नाही.

१९ जून, गुरुवार

गेलो. मिशीने विचारलं, मिळाले का वडील? हो म्हटलं. लाव मग, म्हणाला. आणली नाही म्हटलं.

२२ जून, रविवार

शूटिंगवाल्याला फोन केला. मी काही विचारायच्या आतच बोलायला लागला. लग्नाच्या चौथ्या दिवशी कच्ची बघून बाबा एकटेच त्याच्या दुकानात आले होते. तो म्हणाला, तेवढंच बोलणं काढता येत नाही, वर गाणं टाकलं तर क्लॅरनेटही जाईल, बघा बुवा. बाबा म्हणाले, "जाऊ दे. मी काय, उद्या परत वाजवीन. पोराचं बोलणं मात्र झाकलं नाही तर आहे तसं राहील, आणि एक दिवस तो स्वतः ऐकेल."